डाव्या इंजिनाचा काटा

सुपा जलाशयातल्या त्या बोटीचे प्रकरण मी आजवर विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सागवानाची चोरी तर पाचवीलाच पुजलेली. पण दोन इंजिनांचे तापमान समजून घेतल्याशिवाय गुन्हेगार हाती लागणार नाही, असा तपास माझ्या वाट्याला एकदाच आला.

मी तेव्हा जोयडा ठाण्यात उपनिरीक्षक होतो. ठाणे लहान, हद्द अफाट. अर्धी जंगलात, उरलेली पाण्यात. डोंगरातल्या वाडीवरून तक्रार घेऊन निघालेला माणूस ठाण्यात पोहोचेपर्यंत दमून जायचा. त्यामुळे आलेल्याला आधी बसवायचे, पाणी द्यायचे आणि मगच विचारपूस सुरू करायची, असा मी तिथे नियम घालून दिला होता. दमलेला माणूस खोटे बोलत नाही, पण गाळून बोलतो. तपासात गाळलेली गोष्ट खोट्यापेक्षा जास्त त्रास देते.

उन्हाळ्याचे दिवस होते. जलाशयाचे पाणी उतरले होते आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे वर आले होते. गणेशगुडीच्या बाजूला काठावर एक खासगी पर्यटन कॅम्प होता. त्यांच्याकडे दोन डिझेल इंजिनांची मोठी बोट होती, एक इंजिन डाव्या अंगाला, एक उजव्या. एरवी ती पर्यटकांना फिरवायची. बाजाराच्या दिवशी मात्र पलीकडच्या काठावरच्या वाडीतले लोक तिच्यातून ये-जा करायचे, कारण जमिनीवरून वळसा फार मोठा पडे. कॅम्पवाल्यांनी ही सोय आपणहून केली होती आणि त्याबद्दल वाडीत त्यांचे नाव होते.

त्या दिवशी दुपारी बाजार करून लोक परत निघाले होते. पाण्याच्या मध्यावर बोटीच्या मागच्या भागातून धूर आला आणि पाठोपाठ जाळ दिसला. बोट चालवणारा कारवारकडच्या किनाऱ्यावरचा होता. पन्नाशी उलटलेली, सगळा जन्म बोटींवर गेलेला. किनाऱ्यावर बोटीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात, म्हणून इकडेही सगळे त्याला तांडेलच म्हणायचे. त्याने दोन्ही इंजिने बंद केली, जॅकेटे वाटली, लोकांना पाण्यात उतरवले, आणि मग आग विझवायला इंजिनावरचे झाकण उघड्या हातांनी उचलले. दोन्ही तळहात भाजले. तशा हातांनीही त्याने पाण्यात उड्या मारून माणसे काढली. जवळच मासे पकडणारे आपल्या होड्या घेऊन धावले. सगळे वाचले, फक्त एक सोडून. वाडीतला एक भातशेती करणारा वयस्क शेतकरी जाळ अंगावर येताना पाहून जॅकेट बांधण्याआधीच पाण्यात पडला. तांडेल त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा खाली गेला, पण तो हाती लागला तेव्हा उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर गर्दी जमली. बोटीवरच्या एका तरुणाने आग लागण्याआधी घरच्यांना दाखवायला म्हणून मोबाइलवर चित्रण केले होते. त्यात तांडेलाच्या पुढ्यातली दोन घड्याळे स्पष्ट दिसत होती. एक डाव्या इंजिनाच्या तापमानाचे, दुसरे उजव्याचे. डाव्याचा काटा निवांत होता. उजव्याचा लाल पट्ट्याच्या जवळ चढलेला होता. हे चित्रण गावोगाव फिरले. काटा वर गेलेला दिसत असून बोट हाकली, माणूस मारला, असे लोक उघड म्हणू लागले. कॅम्पच्या मॅनेजरने जबाबात तेच सांगितले. तो बाहेरच्या शहरातून आलेला, कॅम्पमध्ये भागीदारही होता. बोलणे अत्यंत शांत. दोन्ही इंजिनांची देखभाल चोख होती, चालकाने धोक्याकडे कानाडोळा केला, आम्हालाही फार दुःख आहे, असे त्याने कन्नडमध्ये सांगितले आणि खाली सही केली.

वरून फोन आला की निष्काळजीपणा उघड आहे, चालकावर दोषारोप ठेवून प्रकरण मार्गी लावा. तांडेल दांडेलीच्या दवाखान्यात होता, दाराशी माझा शिपाई बसलेला. कायद्याने त्याच्यावर गुन्हा दाखल झालेलाच होता.

मात्र घटनास्थळाचा पंचनामा करताना मला एक गोष्ट खटकली होती. मासेमारांनी बोट ओढून काठाला आणली होती. मागचा भाग जळलेला, पुढचा शाबूत. आग लागली होती डाव्या इंजिनापाशी. आणि काटा चढला होता उजव्याचा. मी हे मॅनेजरला विचारले तर तो लगेच म्हणाला, तारा उलटसुलट जोडल्या गेल्या असतील, डाव्याचे तापमान उजवीकडे दिसत असेल. उत्तर पटण्यासारखे होते. पण माझा अनुभव असा, की अपघातानंतर निर्दोष माणूस आधी गोंधळतो. याचे उत्तर तयार होते.

गेलेल्या शेतकऱ्याची बायको त्याच दिवशी ठाण्यात आली. तीही त्या बोटीत होती. तिला पाण्यातून काढले होते ते तांडेलानेच. मी तिला बसवले. पाणी प्यायला तिने नकार दिला.

“वाडीतली समदी तांडेलाचं नाव घेत्यात,” ती म्हणाली. “माझ्या मालकासाठी तो कितींदा खाली गेला ते म्या बघितलंय. त्यानं चुकी केली असंल तर धरा त्याला. पर हाताला लागला म्हणून कुणालाबी धरू नका, साहेब. माझं मानूस तेवढं स्वस्त न्हाई.”

मी तिला म्हणालो, “मावशी, शोधून काढतो.” नोकरीत मी असा शब्द सहसा देत नसे. तिला दिला, कारण मला तो पुरा करता येईल याची खात्री वाटत होती.

खबर मिळाली ती कॅम्पच्या स्वयंपाकघरातून. पुरवणी पंचनाम्यासाठी आम्ही पुन्हा गेलो होतो. तिथे स्वयंपाक करणारी बाई नंदिगड्ड्याच्या बाजूची, धक्क्यापासून तिचे स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर. पंचांना चहा देता देता ती माझ्याजवळ थांबली आणि मॅनेजर दूर आहे हे पाहून हळूच म्हणाली, “साहेब, भोंग्याचं कुणी इचारलं न्हाई.”

मी कप हातात घेतला आणि मान हलवली. मॅनेजरसमोर तिला एकही प्रश्न विचारला नाही. खबर देणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका असतो तो उतावळ्या पोलिसाचा. दोन दिवसांनी साध्या कपड्यांत, महिला शिपायाला बरोबर घेऊन, तिच्या घरी जाऊन जबाब घेतला. बोट धक्क्याला लागताना आतून भोंगा वाजायचा, असे तिने सांगितले. इंजिन जास्त तापले की वाजणारा तो इशारा होता, हे तिला तांडेलाकडूनच कळले होते. तांडेल मॅनेजरकडे तक्रार करायचा, पर्यटक घाबरतात म्हणून मॅनेजर चिडायचा. हंगाम भरात होता, बोट बंद ठेवायची त्याची तयारी नव्हती. मग शिमग्याच्या सुमारास रामनगरहून मेकॅनिक आला आणि भोंगा कायमचा गप्प झाला. इंजिन दुरुस्त झाले, असे सगळ्यांना सांगण्यात आले. तांडेलानेही ते खरे मानले, म्हणून त्याच्याही जबाबात भोंगा आला नव्हता.

आता मला यंत्राचा जाणकार हवा होता. न्यायालयात टिकेल असा. कारवारच्या एका सागरी अभियंता बाईंना रीतसर पत्र देऊन बोलावले. नौकांची तपासणी करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. त्या आल्या, जळालेल्या बोटीभोवती एक फेरी मारली, आणि मला विचारलेला पहिला प्रश्न असा, की फरक इंजिनांत होता की घड्याळांत. मी म्हटले, तेच तुम्ही सांगायचे आहे.

“दोन इंजिनांच्या बोटीचं बरं असतं,” त्या म्हणाल्या. “एक इंजिन दुसऱ्याबद्दल साक्ष देतं. तुम्ही फक्त नीट विचारायला हवं.”

पुढचा सगळा प्रकार पंचांसमोर झाला आणि मी तो टप्प्याटप्प्याने लिहून घेतला. आधी त्यांनी मॅनेजरचा दावा तपासला. डाव्या घड्याळाची तार हाताने मागेपर्यंत तपासत नेली, ती डाव्याच इंजिनाला जात होती. उजवीही आपल्या जागी होती. उजवे इंजिन जळालेले नव्हते. बाहेरून पाण्याची नळी लावून त्यांनी ते सुरू केले आणि बंदुकीसारखा तापमापक रोखून मोजले. घड्याळात दिसत होते तेवढेच तापमान होते. म्हणजे उजवा काटा खरे बोलत होता, आणि चित्रणात तो जिथे दिसत होता तो आकडाही, भार ओढणाऱ्या इंजिनाला सोसेल असाच होता.

मग डाव्याची पाळी. त्यांनी डावे घड्याळ काढून उजव्या इंजिनाला जोडले. तेही बरोबर दाखवू लागले, म्हणजे घड्याळात दोष नव्हता. इंजिनात बसवलेला, तापमान ओळखणारा पितळी बोंडासारखा भाग त्यांनी सोडवून घेतला आणि उकळते पाणी मागवले. तो भाग पाण्यात बुडवून सरळ घड्याळाला जोडला, तर काटा चढला. तोच भाग बोटीतल्या तारेतून जोडला, तर काटा अर्ध्यावरच थांबला. पाणी तेच, घड्याळ तेच. खोटे बोलत होती ती मधली तार.

पंचांपैकी एक जण किराणा दुकानदार होता. त्याने मला विचारले, “तार खोटं कसं बोलंल हो?” बाईंनी घड्याळांमागची फळी खोलायला सांगितली. तारांच्या जुडग्यात एका ठिकाणी काळी चिकटपट्टी इतरांपेक्षा नवी दिसत होती. ती सोडवली तर आत तारेच्या मध्ये डाळीच्या दाण्याएवढा विजेचा अवरोधक जोडलेला होता, रेडिओत असतो तसा. तो मध्ये असला की घड्याळापर्यंत पोहोचणारी वीज कमी होते आणि काटा खालीच राहतो. शेजारीच भोंग्याची तार कापून, दुमडून, त्याच पट्टीत गुंडाळून ठेवली होती. उजव्या बाजूला असे काहीही नव्हते.

डावे इंजिन उघडल्यावर राहिलेला उलगडा झाला. जलाशयाचे पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवणारा कूलर गाळाने आणि कुजलेल्या पानांनी गच्च भरला होता. डाव्याच बाजूचा का, हे बाईंनी धक्क्यावर उभे राहून दाखवले. बोट नेहमी डावे अंग काठाला लावून बांधली जाई. उन्हाळ्यात काठाशी चिखल उरतो आणि सुरू करताना डावे इंजिन तोच चिखल ओढत राहिले. थंड पाणी मिळेना म्हणून ते तापत गेले, त्याची ताकद कमी झाली, आणि बोट ओढण्याचा भार उजव्यावर पडू लागला. म्हणूनच उजवा काटा वर चढत होता. शेवटी डाव्याच्या धुराड्याची रबरी नळी पाण्याविना तापली आणि पेटली.

सगळे मुद्देमाल म्हणून सीलबंद केले. आता राहिला प्रश्न की हे कुणी केले आणि कुणाच्या सांगण्यावरून.

मेकॅनिक रामनगरचा. ट्रक आणि जनरेटरची कामे करणारा, घरचे मूळ खानापूरकडचे. हात कुशल, स्वभाव भित्रा. ठाण्यात बोलावल्यावर तो आपण फक्त तेल बदलले या एकाच वाक्यावर अडून राहिला. मी आवाज चढवला नाही. भित्र्या माणसाला आणखी भिववले तर तो तुम्हाला हवे ते बोलतो, आणि हवे ते बोललेले न्यायालयात दुसऱ्या दिवशी उडून जाते. मी त्याला पंचांसह बोटीवर नेले. म्हणालो, एक घड्याळ चुकीचे दाखवते आहे, तू कारागीर आहेस, दोष शोध. कोणते घड्याळ ते सांगितले नाही.

फळी खोलल्यावर आत तारांचे जंगल होते. त्याचा हात क्षणभरही न अडखळता डाव्या घड्याळामागच्या जुडग्यात गेला, नेमका त्या जागी. तिथे आता काहीच नव्हते, आम्ही ते काढून नेले होते. त्याची बोटे मोकळ्या तारेवर थांबली. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो तिथेच खाली बसला.

“मला म्हणाले, चार दिवसांचं काम हाय,” तो म्हणाला. “हंगाम सरला की कूलर काढून साफ करू म्हणाले. मी सांगितलो हुतो साहेब, हे बरं न्हवं म्हणून. सांगितलो, आणि केलो.”

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले आणि तिथे त्याने पूर्ण हकीकत स्वखुशीने सांगितली. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला.

मॅनेजर मात्र लेचापेचा नव्हता. मेकॅनिक स्वतःची चूक माझ्यावर ढकलतो आहे, त्या बोटीत भोंगा वाजलेला मी कधी ऐकलाच नाही, असे तो म्हणाला. मी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले, त्याला वाचून दाखवले, बदल करायचा आहे का ते विचारले. त्याने नाही म्हटले आणि सही केली.

माझ्याकडे एक तरुण शिपाई होता. कॅम्पवर येऊन गेलेल्या पर्यटकांनी इंटरनेटवर टाकलेली चित्रणे पाहण्याचे काम मी त्याच्याकडे दिले होते. हुबळीच्या एका कुटुंबाचे चित्रण त्याला सापडले होते. त्या कुटुंबाचा जबाब घेऊन मूळ चित्रणही आम्ही ताब्यात घेतले होते. ते मी टेबलावर लावले. बोट, पाणी, हसणारी माणसे, आणि मागे एकसारखा वाजणारा भोंगा. बाई विचारते, हे काय वाजते आहे? चित्रात न दिसणारा एक पुरुष हसून कन्नडमध्ये सांगतो, काही नाही, आमची बोट तुमचे स्वागत करते आहे. मग तोच आवाज खाली येतो आणि तांडेलाला म्हणतो, ते आधी बंद कर.

मी विचारले, “आवाज कुणाचा?”

 मॅनेजरने पाणी मागितले. मी दिले. त्यानंतर त्याने वकिलाशिवाय काही बोलणार नाही असे सांगितले आणि तो त्याचा हक्क होता. मला त्याच्याकडून आणखी काही नको होते. आवाजाची तपासणी झाली, तो त्याचाच निघाला. तांडेलावरचा गुन्हा मागे घेतला गेला, मॅनेजरवर दोषारोप ठेवले गेले. खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारले, पोलीस माणसाला इंजिनातले काय कळते? मी सांगितले, जेवढे पंचांसमोर उकळत्या पाण्यात दिसले तेवढेच कळते. मॅनेजरला शिक्षा झाली.

तांडेलाला मी अभियंता बाईंचा अहवाल आल्यावर भेटलो होतो. तुझ्यावरचा गुन्हा जाणार, हे सांगायला गेलो. त्याला आनंद झाला नाही. पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, “साहेब, उजव्याचा काटा वर दिसला म्हणून मी उजवं कमी केलं. डाव्यावर जोर दिला. डावं बरं हाय असं समजून. मी तसं केलं नसतं तर?”

हा प्रश्न तो विचारणार, याचा मला अंदाज होता, म्हणून बाईंना मी तो आधीच विचारून ठेवला होता. त्यांचे उत्तर सोपे नव्हते. उजवे कमी केले नसते तर डावे आणखी थोडा वेळ टिकले असते. बोट काठाला लागली असती की नाही, ते सांगता येत नाही.

तांडेलाला दिलासा देणे माझ्या हातात होते. काहीही केले असते तरी तेच झाले असते, एवढे एक वाक्य पुरले असते आणि त्याने ते मानलेही असते. पण त्या बोटीवर दिलासा देणारा काटा एकदा बसवून झाला होता आणि त्याचे काय झाले ते आम्ही दोघांनी पाहिले होते. मी त्याला बाईंचे उत्तर जसे होते तसे सांगितले. ती बोट दुसऱ्या कुठल्या दिवशी तरी पेटलीच असती, हेही सांगितले, कारण तेही त्या अहवालात होते.

 तो म्हणाला, “खरं सांगितलंत, बरं झालं. आता निदान किती ओझं उचलायचं ते तरी कळलं.”

या तपासाने मला पुढच्या सगळ्या नोकरीसाठी एक सवय लावली. दोन बाजू वेगळे दाखवत असल्या की आपण चढलेल्या काट्याकडे धावतो. आरडाओरडा करणारा माणूस, घाबरलेला माणूस, भाजलेल्या हातांचा माणूस लगेच नजरेत भरतो. त्याची चौकशी व्हावीच. पण ज्याचे सगळे ठीक दिसते त्यालाही त्याच कसोटीला लावायचे, त्याच पाण्यात बुडवून पाहायचे. कुळगीच्या जंगलातल्या लाकूडचोरीच्या एका तपासात आणि पुढे बेळगाव भागातल्या एका घरगुती प्रकरणात मला याचाच उपयोग झाला. नव्या उपनिरीक्षकांना शिकवताना मी हेच सांगत असे.

निकाल लागला तेव्हा माझी बदली झालेली होती. गेलेल्या शेतकऱ्याची बायको बस बदलत माझ्या नव्या ठाण्यापर्यंत आली. मी तिला बसवले, पाणी दिले, या वेळी ती प्यायली. कुणाला किती शिक्षा झाली, याबद्दल तिने काहीच विचारले नाही. तांडेल कुठे आहे, एवढेच विचारले. पंचायतीने वाडीसाठी नवी बोट घेतली होती आणि ती चालवायला तांडेलाला विचारले होते. तो हो म्हणत नव्हता. वाडीच्या लोकांना तोंड कसे दाखवू, असे त्याचे म्हणणे होते.

“त्याला सांगा,” ती म्हणाली, “पयल्या बाजाराला मी बसनार हाय त्याच्या बोटीत. पुढंच बसनार. मग बाकीची काय म्हनत्यात ते बघू.”

मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला आणि तिच्या हातात दिला.